नाव झाकून आलेला लेख

एकतीस वर्षं मी मास्तरकी केली आणि त्यातली निदान अकरा वर्षं एका बाईवर जळण्यात घालवली. हे लिहायला आता लाज वाटत नाही. एक तर मी रिटायर झालोय, आणि दुसरं म्हणजे त्या बाईंना हे सगळं आधीच ठाऊक आहे. दिवाळी अंकात प्राध्यापक मंडळी लिहितात तेव्हा विद्यार्थी किती गुणी होते, गुरुजनांनी कसा हात दिला, असं गुळचट काहीतरी येतं. माझेही विद्यार्थी गुणी होते, गुरुजनांनी हातही दिला. पण खरं सांगायचं तर मला रोज सकाळी स्कूटरवर बसवून विभागात नेऊन सोडायचा तो हा जळफळाटच. शाहीन मॅडमनी आज काय नवीन केलं असेल, एवढं बघायला मी वेळेच्या आधी पोचायचो.

आमचा धंदा काय ते आधी सांगतो, कारण तो माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळला नाही. विषयाचं नाव माध्यमं आणि संस्कृती. लोक काय बघतात, काय ऐकतात, काय वाचतात, आणि त्यातून त्यांचं जगणं कसं बदलतं, हे शोधायचं आणि शिकवायचं. बस्स. पण 'माध्यमं' म्हटलं की लोकांना टीव्ही आठवतो आणि टीव्ही म्हटलं की दुरुस्ती. आमचे शेजारी वाळूजला कंपनीत होते. ते एकदा सेट टॉप बॉक्स पिशवीत घालून माझ्या दारात उभे राहिले. म्हणाले, "सर, तुमची तर ह्यातच डॉक्टरकी हाय ना? बघा की जरा." मी बॉक्सला हात लावला नाही, त्यांच्या घरी जाऊन रिमोटचे सेल बदलून दिले. टीव्ही सुरू झाला. आमच्या कॉलनीत माझ्या पीएचडीला मान आहे तो तेव्हापासून.

आता आमच्यातलं देणंघेणं. सरकारी कागदावर त्याला 'शैक्षणिक आदानप्रदान' म्हणतात. त्याचा एक प्रकार म्हणजे चर्चासत्र. त्यात उद्घाटनाला दीड तास, सत्काराला एक तास आणि पेपर वाचणाऱ्याला चार मिनिटं मिळतात. लोक जेवणानंतर प्रमाणपत्र घेऊन गावी जातात. एकदा एका सत्राला मी अध्यक्ष, एक वक्ता आणि माइकवाला, असे तिघंच उरलो होतो. माइकवाल्यानं प्रश्न विचारला, तो त्या दोन दिवसांतला सगळ्यात चांगला प्रश्न होता.

दुसरा प्रकार म्हणजे लेख तपासणं. आपण एखाद्या संशोधनपत्रिकेला लेख पाठवला की संपादक त्यावरचं नाव काढून टाकतो आणि त्याच विषयातल्या दुसऱ्या कुणाकडं तो तपासायला धाडतो. लिहिणाऱ्याला कळत नाही कोण तपासतंय, आणि तपासणाऱ्याला कळत नाही कोणी लिहिलंय. हेतू हा की ओळखीपाळखीचा, दुष्मनीचा प्रश्नच येऊ नये. कागदावर हे फार छान आहे. पण आमच्या विषयात मराठीत नेमानं लिहिणारी माणसं एका जीपगाडीत बसतील एवढी. नाव झाकलं तरी पहिल्या पानावर माणूस उघडा पडतो.

आणि तिसरा प्रकार चहा. तो माझा प्रांत होता. सकाळी अकराला स्टाफरूममध्ये चहा यायचा आणि मी बोलायला लागायचो. मला कल्पना सुचायच्या, लई सुचायच्या. रिक्षातल्या गाण्यांवर काम व्हायला पाहिजे. लग्नपत्रिकांच्या मजकुरावर व्हायला पाहिजे. व्हिडिओ पार्लरवर, म्हणजे तिकीट लावून व्हीसीआरवर सिनेमे दाखवायच्या त्या खोल्यांवर, तर मी स्वतः थोडंफार केलंही होतं. त्यासाठी तालुक्याच्या गावांत हिंडलो होतो, माणसं जोडली होती. बाकीच्या कल्पना चहाबरोबर निघायच्या आणि कपाबरोबर आत जायच्या. ऐकणारे मान डोलवायचे. मला ते पुरायचं.

शाहीन मॅडम विभागात आल्या तेव्हा तिशीच्या होत्या. त्यांच्या वडिलांचं जुन्या शहरात घड्याळदुरुस्तीचं दुकान. घरी उर्दू, विभागात माझ्याहून स्वच्छ मराठी. चहाला त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायच्या, फारसं बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, बाई बुजरी आहे. ती बुजरी नव्हती, ऐकत होती.

एका सकाळी मी बोलून गेलो, की लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी कुणीतरी नीट बघायला पाहिजेत. घरोघर कपाटात पडून आहेत, त्यात अख्खा मराठवाडा आहे. सगळे म्हणाले, वा सर. चार महिन्यांनी कळलं, की शाहीन मॅडम सुट्टीच्या दिवशी मुकुंदवाडीतल्या एका जुन्या स्टुडिओत बसून कॅसेटी बघतायत. त्यांच्याकडं चाळीस कॅसेटी जमल्या होत्या. जुना व्हीसीआर त्यांनी वडिलांकडून दुरुस्त करून घेतला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. कल्पना माझी, विषय माझा, आणि ही बाई सरळ उचलून घेऊन गेली. शोभा जालन्याकडच्या शेतकरी घरातली. तिला माझ्या विषयातलं काही कळत नाही असं मी कैक वर्षं समजत होतो. ती भाजी निवडत म्हणाली, "मग तुम्ही का नाय बघितल्या?"

त्यानंतरची वर्षं मी फार उमदेपणानं वागलो असं नाही. एका चर्चासत्राचं पत्रक विभागप्रमुख म्हणून माझ्याकडं आलं, ते मी शाहीन मॅडमना मुदत संपल्यावर दिलं. वेळापत्रकात शनिवारचा शेवटचा तास दर वर्षी त्यांच्याच वाट्याला यायचा, तो आपोआप येत नव्हता. त्या तासालाही वर्ग भरलेला असायचा. मी पाणी प्यायला म्हणून त्या बाजूनं जायचो आणि दारातून पोरं मोजायचो. माझ्या सकाळच्या तासाला तेवढी नसायची.

मग तो करार झाला. युरोपातल्या एका विद्यापीठाशी आमच्या विभागाचं ठरलं, की दर वर्षी त्यांचा एक शिक्षक इकडं येईल आणि आपला एक जण एक सत्र तिकडं जाईल. कराराची सगळी पत्रं मी लिहिली. त्यांच्याकडून आधी एक बाई आल्या, इनग्रिड नावाच्या. त्यांना मी लेणी दाखवली, शहराचे जुने दरवाजे दाखवले, घरी जेवायला बोलावलं. शोभानं वांग्याचं भरीत आणि भाकरी केली. बाईंनी आवडीनं खाल्लं आणि हात धुता धुता मला विचारलं, तुमच्याकडं लग्नाच्या व्हिडिओंवर काम करणारं कोणीतरी आहे ना, त्यांची भेट कधी होईल? माझ्या घशात घास नव्हता, तरी अडकला.

जायचं कोणी, याचा नियम साधा होता. ज्या शिक्षकाचा लेख त्या वर्षी चांगल्या संशोधनपत्रिकेनं स्वीकारला असेल, त्याला पहिला मान. कुणाचाच नसेल, तर सर्वांत जुना शिक्षक. सर्वांत जुना मी. माझा त्या वर्षी लेख नव्हता, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, म्हणजे ही माझी शेवटची संधी. मी आयुष्यात विमानानं दिल्लीच्या पुढं गेलो नव्हतो. परदेशी लेखकांची नावं पोरांना तीस वर्षं पाठ करून घेतली, पण त्यांतल्या एकाचाही देश बघितला नव्हता. मला जायचं होतं. फार जायचं होतं. आणि शाहीन मॅडमचा लग्नाच्या कॅसेटींवरचा मोठा लेख एका त्रैमासिकाकडं गेलाय, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं. मार्चअखेर तो स्वीकारला गेला तर त्या जाणार, नाही तर मी.

जानेवारीत त्या त्रैमासिकाच्या संपादकांचा मेल आला. सोबत एक लेख होता, नाव झाकलेला. तपासून द्याल का, असं विचारलं होतं. शीर्षक वाचलं आणि मी दार लावून घेतलं.

लेख त्यांचाच होता. मुकुंदवाडीचा स्टुडिओ पहिल्याच पानावर होता. अशा वेळी नियम असा, की दोन ओळींत कळवायचं, लेखक ओळखीचा आहे, मला हा लेख नको. मी दुसऱ्यांना हा नियम शिकवलाय. मेलची खिडकी उघडली, त्या दोन ओळी लिहिल्या, आणि पुसून टाकल्या.

लेख चार वेळा वाचला. चांगला होता, हेच दुखणं होतं. कॅसेटीत कोण दिसतं आणि किती वेळ दिसतं, हे त्यांनी सेकंद मोजून लिहिलं होतं. मुलीचा बाप व्हिडिओवाल्याला आधीच एक यादी देतो, कुणाकुणाला दाखवायचंच ते सांगतो. त्या यादीवरून गावातली खरी उतरंड कळते, असं त्यांचं म्हणणं. मला हे दहा वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं.

बाहेरच्यांना वाटेल, मी लेख नाकारला असेल. नाकारणं हे नवशिक्याचं काम. नाकारलेला लेख माणूस दुसऱ्या दिवशी दुसरीकडं पाठवतो. खोडा घालायचा तर लिहायचं, 'लेख मोलाचा आहे, मात्र मोठ्या दुरुस्त्या आवश्यक'. मग लिहिणारा तिथंच अडकून पडतो. मी साडेतीन पानांचा अहवाल लिहिला. शहरातल्या याद्या बघून सबंध मराठवाड्याबद्दल बोलता येणार नाही, तालुक्याच्या गावच्या जुन्या व्हिडिओवाल्यांना भेटावं. यादीच्या मागच्या बाजूला काय असतं, तेही बघावं. सैद्धांतिक बैठक पक्की करावी. सातव्या तळटीपेतलं वर्ष चुकलंय. एकूण चौदा मुद्दे काढले. सहा महिन्यांचं काम होतं आणि मार्चअखेर अडीच महिन्यांवर होती. एकही शब्द उर्मट नव्हता. असा अहवाल मी आयुष्यात दुसरा लिहिला नाही, आणि मला त्याचा तेव्हा अभिमान वाटला होता.

आठवड्यानं शाहीन मॅडम माझ्या केबिनमध्ये आल्या. हातात तीच साडेतीन पानं होती, खाली नाव नसलेली.

"सर, वेळ आहे का? परीक्षकांचा रिपोर्ट आलाय."

मी कागद घेतले आणि माझाच मजकूर पहिल्यांदा वाचत असल्यासारखा वाचायला लागलो. मध्ये दोनदा भुवया वर केल्या. पाचव्या मुद्द्यावर 'हं' म्हटलं.

"फार कडक दिसतात," मी म्हणालो.

"कडक आहेत, पण बरोबर आहेत."

"अहो, पण मार्चपर्यंत हे होणं शक्य नाही. मनाला लावून घेऊ नका. सावकाश करा, पुढच्या वर्षी पाठवा."

"नाही सर, करते मी. तुम्ही असताना मला काय काळजी? सोयगावचे ते व्हिडिओवाले तुमच्या ओळखीचे आहेत ना? तेवढी गाठ घालून द्या."

आता काय म्हणणार? नाही म्हणायला कारण सापडेना. तीस वर्षं सगळ्यांना मदत करणारे सर म्हणून मिरवलेलं असतं, ते असं अंगाशी येतं. मी म्हणालो, बघू. त्या म्हणाल्या, रविवारी गाडी घेऊन येते.

रविवारी निघालो. सिल्लोड, अजिंठा करत फर्दापूरवरून आत वळलो. रस्ताभर त्या गाडी चालवत होत्या आणि मी खिडकीबाहेर बघत हिशेब लावत होतो, की भिकनरावांनी दुकान बंद केलं असलं तर बरं.

भिकनराव म्हणजे सोयगावचे जुने व्हिडिओवाले. व्हिडिओ पार्लरच्या कामाच्या वेळी मी त्यांच्याकडं मुक्कामाला राहिलो होतो. दुकान बंद झालं होतं, पण माणूस ठणठणीत होता. बाजेवर बसवून त्यांनी आम्हाला पाणी दिलं.

"या सर, लई वरसांनी. अन् ह्या कोण?"

"आमच्या मॅडम. लग्नाच्या कॅसेटींवर अभ्यास करतायत."

"त्याच्यात काय अभ्यासायचं?" असं म्हणत ते आत गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात वीस वर्षांतल्या याद्या होत्या. काही वहीच्या पानावर, काही पत्रिकेच्या पाठीवर लिहिलेल्या. शाहीन मॅडमनी एक उचलली, वाचली, आणि मग उलटी केली. मागं दोनच नावं होती, वेगळ्या शाईत.

"ही कोणाची?" त्यांनी विचारलं.

"ही दिसू नाय अशांची," भिकनराव म्हणाले. "भाऊबंदकी असती, जुनी भांडणं असत्यात. लग्नाला बोलवावं तर लागतं. पण कॅसेटमधी नको."

"मग तुम्ही काय करायचात? त्यांना टाळून शूटिंग?"

"टाळलं तर त्याला कळंल ना, मॅडम. मांडवात बोंब व्हईल. त्याच्यावर कॅमेरा धरायचा, लाईट मारायची, जरा थांबायचं. बटन दाबायचं नाय. तो बिचारा फेटा सारखा करून बसायचा."

शाहीन मॅडमनी यादी पुन्हा सुलटी केली. मग माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे बोलावणं सगळ्यांना असतं, दिसणं मात्र काहींनाच मिळतं." शाहीन मॅडमनी ते तिथल्या तिथं वहीत लिहून घेतलं. मी बघितलं आणि मला बरं वाटलं. काय सांगू, त्या क्षणी मी विसरूनच गेलो होतो की मी इथं यायलाच नको होतं.

पुढचे तीन रविवार दुपारी मी त्यांच्या घरी होतो. परीक्षकाच्या एकेका मुद्द्याला उत्तर लिहायचं असतं, त्याची एक ठरलेली भाषा असते. 'परीक्षकांच्या सूचनेबद्दल आभारी आहोत' असं म्हणून सुरुवात करायची आणि मग आपल्याला हवं तेच करायचं. त्या टाइप करायच्या आणि मी बाजूला बसून माझेच मुद्दे खोडून काढायचो. त्यांच्या अम्मी थोड्या थोड्या वेळानं काहीतरी खायला आणून ठेवायच्या.

"खाओ ना भाई, लिखना तो होताच रहता," म्हणायच्या. "शाहीन बोलती, सर नै होते तो मेरा कुछ नै होता."

मी खाली मान घालून खायचो.

नवव्या मुद्द्याला त्या थांबल्या. "सर, हे 'सैद्धांतिक बैठक पक्की करावी' म्हणजे नेमकं काय करावं? तुम्हाला काय वाटतं?"

मी विचार केला. खूप विचार केला. लिहिताना मला काय म्हणायचं होतं ते आठवेना. काही म्हणायचं होतं की नाही, हेही आठवेना. शेवटी म्हणालो, "हे परीक्षक कधी कधी पान भरायला लिहितात. आदर राखून सोडून द्या." त्यांनी तोंडावर ओढणी धरून खोकल्यासारखं केलं आणि 'आदर राखून' असं टाइप केलं.

मार्चच्या सुरुवातीला सुधारलेला लेख परत माझ्याकडं आला. पुन्हा नाव झाकलेला. पंधरा दिवसांत मत कळवा, असं होतं. मी काही करायची गरज नव्हती. नुसता बसून राहिलो असतो, संपादकांचा आठवणीचा मेल आल्यावर 'प्रकृती बरी नाही' असं कळवलं असतं, तरी मार्च उलटला असता. कुणाला शंका आली नसती. मी बसून राहिलो. दहा दिवस, बारा दिवस. रोज विभागात शाहीन मॅडम भेटायच्या, काही विचारायच्या नाहीत. मी विचारायचो, "काही आलं का उत्तर?" त्या म्हणायच्या, "अजून नाही, सर." मी म्हणायचो, "येईल."

तेराव्या दिवशी शोभानं विचारलं, जेवत का नाही. मी सांगून टाकलं, अहवालापासून सगळं. मला वाटलं ती चिडेल. ती ताट माझ्यापुढं सरकवत म्हणाली, "तुमचं वय काय, अन् तुमचं चाललंय काय? ती तुम्हाला सर म्हणती."

"मला जायचं होतं गं."

"मंग जायचं व्हतं तर लिहायचं व्हतं," ती म्हणाली.

त्या दुपारी मी लेख पुन्हा उघडला. खरं तर शेवटचं एखादं खुसपट मिळतंय का ते बघायला. अकराव्या पानावर भिकनरावांची गोष्ट होती आणि तिच्या शेवटी ते वाक्य होतं, बोलावणं सगळ्यांना असतं, दिसणं मात्र काहींनाच मिळतं. पुढं कंसात लिहिलं होतं, 'ज्येष्ठ सहकाऱ्याशी झालेल्या बोलण्यातून'. मी ते पाच-सहा वेळा वाचलं. इतक्या वर्षांत माझ्या चहावरच्या बोलण्यातलं एक वाक्य कुणीतरी कागदावर आणलं होतं. हा लेख अडकला असता तर ते वाक्यही अडकलं असतं. मी 'स्वीकारावा' असं लिहिलं आणि पाठवलं. लोक याला मोठेपणा म्हणतील. तो मोठेपणा नव्हता, मला माझं वाक्य छापून आलेलं बघायचं होतं.

शाहीन मॅडमची निवड झाली. विभागातर्फे मीच पुष्पगुच्छ दिला आणि भाषण केलं. भाषण चांगलं झालं असं सगळे म्हणाले. घरी येऊन मी युरोपचा नकाशा असलेली डायरी शोभाच्या रद्दीत टाकली.

जायच्या आधी एका दुपारी त्या आमच्या घरी आल्या. शोभासाठी नानखटाईचा डबा आणला होता. शोभा चहा ठेवायला आत गेली आणि त्या म्हणाल्या, "सर, एक बोलू? तो रिपोर्ट तुमचा होता."

मी नानखटाईच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"मला पहिल्या पानावरच कळलं. यादीच्या मागच्या बाजूला बघा, असं या महाराष्ट्रात दुसरं कोण लिहिणार? सोयगावची ती गोष्ट तुम्ही चहावर तीनदा सांगितली होती. यादीला मागची बाजू असते, एवढी अर्धीच सांगायचात, पण सांगायचात."

मी कपाळाला हात लावला. ज्या माणसानं नाव झाकून वार करायचा, त्यानं आपली आवडती गोष्ट त्यात घालू नये. पण मला ती घातल्याशिवाय राहवलं नव्हतं.

"मग माझ्याकडं का आलात? संपादकांकडं तक्रार करायची. माझी नाचक्की झाली असती, आणि ती व्हायलाच पाहिजे होती."

"रागावले होते मी. दोन दिवस बोलले नाही घरात कुणाशी. मग पुन्हा वाचला रिपोर्ट. सर, अकरा वर्षं मी लिहितेय. सगळे चांगलं म्हणतात, वाचत कुणी नाही. तुम्ही सातव्या तळटीपेतलं वर्षसुद्धा धरलंत. माझ्या नवऱ्यानं माझं इतकं वाचलेलं नाही. ज्यानं लिहिलं तो का लिहितोय ते मला कळत होतं, पण इतकं वाचणारा माणूस मी कशाला सोडू?"

हे ऐकून मी पाणीपाणी व्हायला हवं होतं. थोडा झालोही. पण स्वभाव कुठं जातो? मला वाटलं, ही बाई क्षमा करण्यातही माझ्या पुढं गेली. काहीतरी बरोबरी करावी म्हणून मी विचारलं, "तुमच्याकडं कधी माझा लेख आला होता का, तपासायला?"

त्यांनी ओढणी सारखी केली. मग म्हणाल्या, "आला होता. व्हिडिओ पार्लरवरचा."

तो माझा शेवटचा मोठा लेख, चार वर्षांपूर्वीचा. त्याचा परीक्षकाचा अहवाल दोन ओळींचा होता. 'लेख उत्तम आहे. जसाच्या तसा छापावा.' एक शब्द बदलायला सांगितला नव्हता. मी त्या दोन ओळी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवल्या होत्या. शाहीन मॅडमही तिथं बसल्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"तुमचा आहे हे कळलं," त्या म्हणाल्या. "नियम मलाही माहीत होता, परत पाठवायला हवा होता. पण वाटलं, दुसरा कुणी उगाच फाटे फोडेल. तुमच्या लेखात चुका काढणारी मी कोण?"

"वाचला होता का?"

त्या आतल्या दाराकडं बघत राहिल्या, जणू शोभानं लवकर बाहेर यावं.

"खरं सांगा, मॅडम."

"पहिली दोन पानं, सर. बाकीचं तुमच्याकडून चहावर ऐकलेलं होतं."

शोभा चहा घेऊन आली. आम्ही चहा प्यालो, नानखटाई खाल्ली, तिकडच्या थंडीबद्दल बोललो. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो आणि नीट जा म्हणालो.

परत आल्यावर मी तो लेख कपाटातून काढला आणि लाल पेन घेऊन बसलो. त्यांच्या लेखाला लावला होता तसाच डोळा लावला. तिसऱ्या पानावर एका गावाचं नाव दोन वेगळ्या तालुक्यांत होतं. सहाव्या पानावरचा एक मुद्दा आठव्या पानावरच्या मुद्द्याला सरळ खोटं पाडत होता. शेवटच्या पानावर मी जो निष्कर्ष काढला होता त्याला आधार कुठंच नव्हता, मी नुसता तो बोलून गेलो होतो. एकूण एकोणीस ठिकाणं निघाली. चार वर्षांत कुणी एक दाखवलं नव्हतं. दाखवलं असतं तर तो लेख खरंच चांगला झाला असता, ते सगळं माझ्याकडं होतं.

शाहीन मॅडम जाऊन आल्या, आता त्यांचं पुस्तक येतंय. परदेशाचं मला आता फारसं काही वाटत नाही, फोटो बघितले, थंडी फार असते म्हणे. हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यांना एक असा माणूस मिळाला, ज्यानं त्यांचा शब्द न् शब्द वाचला. मला नाही मिळाला. आणि तो माणूस मीच होतो, म्हणून तर जास्त जळतो.